शांताच्या डोक्यावरचा हात

गावात एक थट्टा होती. रेजिनाबाय तुस्कानो रिक्षात बसली, की नाका यायच्या आत रिक्षावाल्याची कंबर दुखते का, बायको रुसून माहेरी गेली आहे का, एवढं सगळं तिला कळलेलं असतं, आणि उतरताना त्याच्या डोक्यावर हात ठेवल्याशिवाय ती काही उतरत नाही. थट्टा करणारे फार वाढवून सांगत नव्हते. एकदा चर्चच्या बायकांची सहल चिंचोटीच्या धबधब्यावर गेली, तिथे कुणा परक्या माणसाचा पाय मुरगळला. बाकीच्या बायका डबे उघडून बसल्या, आणि ही त्याच्या घोट्याला तेल चोळत, डोळे मिटून मोठमोठ्याने प्रार्थना करायला लागली. माणूस बिचारा घाबरून उठला आणि लंगडत चालायला लागला. रेजिनाबायने तोही चमत्कारच धरला.

तिच्या पर्समध्ये खोकल्याच्या औषधाची एक जुनी बाटली असायची आणि तिच्यात फादरनी आशीर्वाद दिलेलं खोबरेल. ती बाटली घेऊन ती आचोळ्याच्या इमारतींचे जिने चढायची, चंदनसारच्या चाळींत शिरायची. पण एक कबूल करायला हवं, नुसती प्रार्थना करून पदर झटकत उठणाऱ्यांतली ती नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची नखं काढायची, पाठीच्या जखमा धुवायची, पेज भरवायची आणि मग डोक्यावर हात ठेवायची. येशू येशू करून डोकं उठवते म्हणणारेसुद्धा घरात कुणी आजारी पडलं की तिलाच निरोप धाडत.

हे सगळं रॉकी जाईपर्यंत. रॉकी म्हणजे तिचा नवरा. वाडीत केळी आणि सोनचाफा करायचा, कमी बोलायचा. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, तेव्हा सगळ्या गावाला कळलं ते रेजिनाबायला कळलं नाही. ती त्याच्या उशाशी बसून प्रार्थना करत राहिली. शेवटी शेवटी रॉकी म्हणाला, "फादरला बोलव गो. तेल लावून घेतो."

मरणाच्या वाटेवरच्या माणसाला फादर तेल लावतात, पापांची क्षमा मागून देतात. कॅथलिक माणूस तेवढ्यासाठी जीव धरून राहतो. पण रेजिनाबाय त्याच्यावर खेकसली, "शेवटचं तेल कशाला? तू बरा होनार हायस. फादरला बोलावलं म्हंजे आपला विश्वास संपला." रॉकीने भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. फादर आले ते मयताला.

ते बोलणं ऐकणारं एकच माणूस तिथे होतं, पायथ्याशी पेजेची वाटी घेऊन बसलेली शेजारीण शांता.

त्यानंतर रेजिनाबाय मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला गेली, जपमाळ केली, तिथल्या कॉयरमध्ये गायली. पण कुणी म्हटलं, बाय, गुडघा धरलाय, जरा हात ठेव, की ती म्हणायची, मला घाई आहे. तेलाची बाटली देवघरातल्या पवित्र मातेच्या पुतळ्यामागे गेली. हात पदराखाली गेले. हळूहळू लोकांनीही बोलावणं सोडून दिलं.

शांताची वाडी आणि रेजिनाबायची वाडी एकमेकींना लागून. मधे बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं जुनं तळं, दोन्ही घरांच्या बागा त्याच्यावरच शिंपलेल्या. त्याच्या काठाने कुंपणातून जाणारी पायवाट दोघींनी लग्न होऊन आल्यापासून चालून चालून पाडलेली. नाताळचे गोड पदार्थ त्या वाटेने तिकडे जायचे, गणपतीचे मोदक इकडे यायचे. शांता देवभोळी, उपासतापास करणारी. रेजिनाबायने तिला येशूबद्दल किती वेळा सांगितलं याला गणती नव्हती. शांता हसून म्हणायची, "तुझा येशू माझा पाहुना. चहा घेईल नि जाईल. त्याला राहायला नको लावू."

त्याच शांताच्या पोटात गाठ निघाली. एका सकाळी ती त्या वाटेने आली, ओट्यावर टेकली आणि म्हणाली, "रेजिने, गाठ वाईट हाय म्हनतात. तू येत जा. माझ्या डोक्यावर हात ठेव."

रेजिनाबायच्या अंगावर काटा आला. जन्मभर टाळलेलं मागणं ही बाई स्वतःच्या पायाने मागायला आली. याचा अर्थ एकच! प्रभूने शांताचं मन उघडलं! तिने पुतळ्यामागची बाटली काढली, पदराने पुसली आणि मनातल्या मनात रॉकीलाही सांगितलं, बघ, प्रभूने मला टाकलेलं नाही.

मग महिनेच्या महिने ती त्या वाटेने जात राहिली. मुंबईत ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. शांताचा मुलगा प्रितेश बँकेत आणि सून दिशा शाळेत शिक्षिका. दोघं आळीपाळीने रजा काढून तिला इस्पितळात नेत आणत. दुपारी रेजिनाबाय असायची. ओकारीचं भांडं धुवायची, गळलेले केस गोळा करायची, अंग पुसायची. शेवटी डोक्यावर हात. त्या हातात पुन्हा जीव आला. तिने आचोळ्याचे जिनेसुद्धा परत चढायला सुरुवात केली.

एक गोष्ट मात्र तिच्या मनात सलायला लागली होती. दिशा. शेवटच्या केमोंच्या वेळी ही सून सासूच्या खोलीत पाऊल टाकेना. दारात उभी राहायची, नाकाला ओढणी, तिथूनच विचारायची, "आई, काही हवं का?" भांड्याला हात लावायची नाही, चादरीला नाही. शिकलेली आहे ना, घाण वाटत असेल, असं रेजिनाबायने ठरवून टाकलं. ती विचारायला गेली नाही. कुणाच्याही बायकोचं भांडण चालत्या रिक्षात विचारणारी बाई, पण हे तिने विचारलं नाही.

उपचार संपले. डॉक्टर म्हणाले, सध्या काही दिसत नाही. त्यातला 'सध्या' रेजिनाबायने ऐकलाच नाही.

आता प्रार्थनासभेत साक्ष देणं हे आपल्याकडे कृपेइतकंच मोठं समजतात. आजार बरा झाला, नोकरी लागली, मूल झालं, की मंडपात माइकसमोर उभं राहून सगळ्यांना सांगायचं. प्रार्थनागटाचा प्रमुख फेबियन दर शुक्रवारी बजावायचा, "मिळालेली कृपा झाकून ठेवाल तर ती परत जाईल." रेजिनाबायला हे खरं वाटायचं. शांताची गाठ परत आली तर? केवळ आपण गप्प राहिलो म्हणून? या भीतीने तिची झोप उडाली. पण भीती निम्मीच होती. उरलेलं निम्मं असं, की रॉकी गेल्यावर लोक तिच्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती नजर तिला पुसून काढायची होती. बघा, माझी प्रार्थना लागते!

शांताला न विचारता ती माइकसमोर उभी राहिली.

बोलता बोलता मंडप गरम झाला. समोरच्या बायका डोळे पुसायला लागल्या, कीबोर्डवाल्याने मागे हळू सूर धरला, आणि रेजिनाबाय वाहवत गेली. शांताचं नाव तिने घेतलंच, आळीचंही घेतलं. डॉक्टरांनी हात टेकले होते म्हणाली. ऑपरेशनचा उल्लेख राहून गेला, केमोचाही. आणि मग, मंडप अगदी मुठीत आल्यासारखा वाटला तेव्हा, तिने ते वाक्य टाकलं, "घरची सून नाकाला ओढणी लावून दारात उभी राहायची, भावांनो. रक्ताची मानसं जवळ येत नव्हती. तेव्हा माझा येशू तिच्या खाटेशी बसला."

केवढ्या टाळ्या पडल्या! फेबियनने हात वर करून आलेलुया म्हटलं. साक्षीचा व्हिडिओ फोनवरच्या गटावर पडला, आणि गटावरून कुठे कुठे गेला ते मग कुणाच्या हातात राहिलं नाही.

चौथ्या पाचव्या दिवशी प्रितेश आला. पायवाटेने नाही, रस्त्याने. ओट्यावर चढलाही नाही. फोन पुढे धरला आणि व्हिडिओ लावून दिला. स्वतःचाच आवाज रेजिनाबायला त्या फोनमधून ऐकावा लागला. मंडपात तो केवढा पवित्र वाटला होता. इथे, कोंबड्या चरत असताना, तो एखाद्या चहाडखोर बाईचा वाटत होता.

"रेजिनामावशी," प्रितेश म्हणाला, "आमच्या समाजात फोनवर फोन येतायत. शांता बाटली का, धर्म सोडला का, विचारतात. ते एक वेळ मी निस्तरीन. पण दिशाच्या आईने हे पाहिलं. दिशाच्या शाळेतल्या बायांनी पाहिलं. ती दोन दिवस शाळेत गेली नाही."

"मी... मी देवाचे आभार..." रेजिनाबाय म्हणाली.

"आभार तुमचे होते, तर तुमच्या घरचं सांगायचं होतंत. आमचं कशाला सांगितलंत?" एवढं बोलून तो गेला. संध्याकाळी कुंपणातल्या वाटेवर पत्रा उभा राहिला, तारेने आवळून.

त्यानंतरच्या दिवसांत तिला सगळ्यात जड गेलं ते लोकांचं कौतुक. मिस्सा सुटली की बायका हात धरायच्या, बाय, काय साक्ष दिलीस, आमच्या घरी कधी येतेस? एके काळी याच शब्दांसाठी ती तहानलेली होती. आता प्रत्येक शब्द तिला थोबाडीत बसल्यासारखा लागायचा. ती शेवटच्या बाकावर बसायला लागली आणि शेवटचा आशीर्वाद व्हायच्या आतच निसटायला लागली.

आणि मग एक दिवस मासळी घ्यायला ती नाक्यावर उभी असताना दिशा समोरून आली. एका हातात पिशवी, दुसरा हात कमरेवर. पोट दिसत होतं.

रेजिनाबायने तीन मुलं जन्माला घातली होती. तिला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. तिने मनात महिने मागे मोजले आणि पापलेटवालीने सांगितलेला भाव तिला ऐकूच आला नाही. दिशाची आधीची दोन पोटं पडली होती, हे तिला ठाऊक होतं, दोन्ही वेळा तीच पेज घेऊन गेली होती. या खेपेला पोरीने कुणाला कळू दिलं नव्हतं. आणि केमोच्या रोग्याचं काहीही पोटुशा बाईने हाताळायचं नसतं, हे एकदा शांताबरोबर इस्पितळात गेली असताना भिंतीवर लिहिलेलं तिने स्वतः वाचलं होतं. म्हणून ती दारात उभी राहायची. ओकारी येत होती म्हणून नाकाला ओढणी. आणि तरीही, रोज, दारापर्यंत यायची.

"दिशा," ती म्हणाली, "मला नाय ठाऊक होतं गो पोरी."

दिशा थांबली. रागावली असती तर बरं झालं असतं. "विचारायचं होतंत ना मावशी," ती म्हणाली. "तुम्हाला एकटीलाच सांगितलं असतं मी."

पुढे निघून गेलेल्या तिच्या पाठीकडे रेजिनाबाय बघत राहिली. मासळी न घेता घरी आली, देवघरासमोर बसली, पण प्रार्थनेला तोंड उघडेना. कुठल्या तोंडाने उघडणार?

दुसऱ्या दिवशी ती रस्त्याने वळसा घालून शांताच्या पुढच्या दाराशी गेली. त्या घरात ती आजवर मागच्याच दाराने शिरलेली. पुढची पायरी किती उंच आहे, तेसुद्धा तिला आज कळलं. प्रितेश दारात आला आणि म्हणाला, आई झोपली आहे.

आतून शांताचा आवाज आला, "मी जागी हाय. तिला सांग, जिथे बोललीस तिथेच जाऊन परत बोल. माझ्यासाठी नको. माझ्या सुनेसाठी बोल. मग ये."

फेबियन माणूस वाईट नव्हता. पण सभा चालवणाऱ्याला सभेची काळजी. तो म्हणाला, "बाय, चूक झाली असेल. पन साक्ष माइकवर मागे घेतली तर लोकांचा विश्वास डळमळेल. दुसरं काही करू. मी त्या घरी जाऊन माफी मागतो."

"माझा डळमळलाच हाय," रेजिनाबाय म्हणाली. "मी मेली का? बसली हाय ना तुझ्यासमोर."

शुक्रवारी ती पुन्हा उभी राहिली. साक्षीला उठलेली पाहून बायकांनी आधीच टाळ्या वाजवल्या, कीबोर्डवाल्याने तोच गोड सूर धरला. "ते वाजवू नको रे," ती म्हणाली. सूर बंद पडला. मग तिने सांगितलं. शांताला डॉक्टरांनी कापून, औषध देऊन बरी केली, हे मी लपवलं. तिला न विचारता तिचं नाव घेतलं. ती तिच्या देवाला धरून आहे, ती कुठे गेलेली नाही. आणि तिच्या सुनेबद्दल मी जे बोलले ते खोटं. ती पोटातल्या बाळाला जपत होती, सासूलाही जपत होती. मी तिला वाईट ठरवलं, कारण त्याने गोष्ट छान होत होती.

पुढच्या रांगेतल्या एका बाईने सवयीने टाळी वाजवली आणि लाजून हात मांडीवर ठेवले. फेबियनने घाईघाईने गाणं सुरू केलं. हा व्हिडिओ मात्र कुणी गटावर टाकला नाही. रेजिनाबायने स्वतः फेबियनच्या मागे लागून तो टाकायला लावला.

आता खरं सांगायचं, तर त्या रात्री तिला थोडं बरंही वाटलं. केवढं धाडस केलं, चारचौघांत नाक घासलं. लाजसुद्धा ती जरा मिरवत होती म्हणायला हरकत नाही. सकाळी ती रस्त्याने वळसा घालून निघाली तेव्हा शांता आपल्याला मिठी मारेल, अशी तिची कल्पना होती.

शांता मागच्या अंगणात गजऱ्यासाठी फुलं निवडत होती. डोक्यावर तुरळक पांढरे केस उगवले होते. तिने पाट पुढे सरकवला. दिशा स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसली, तिने मान हलवली, हसली नाही.

"ऐकलं मी," शांता म्हणाली. "दिशाने लावला व्हिडिओ. बरं केलंस."

"माझं चुकलं शांते. मला वाटलं, तू स्वतः आलीस, तू स्वतः हात ठेव म्हनालीस, तर प्रभूने तुला..."

शांताने हातातली फुलं खाली ठेवली.

"मी कशाला आली होती, ते तुला अजून नाय कळलं?" ती म्हणाली. "रॉकी गेल्यापासून तू हात पदराखाली घेतलेस. त्याला तेल नाय मिळालं, ते तुला खात होतं. दुसरं कोन नव्हतं तिथे, मी होती. रोज तुला बघायची मी, बावखलावर पानी काढताना. जिवंत मानूस, पन हात मेलेले. मग मला ही गाठ झाली. म्हटलं, चला, कशाला तरी उपयोगी पडली. रेजिनाला बोलवू. डोकं माझं हाय, हात तिचा हाय, ठेवू दे. तिला बरं वाटेल."

ज्या दुपारी आपण हिच्यावर दया करत होतो, त्या प्रत्येक दुपारी ही, पोटात ढवळत असताना, डोकं पुढे करून आपल्यावर दया करत होती! आणि आपण माइकवर सांगितलं, हिच्या खाटेशी कुणी नव्हतं म्हणून. मंडपात न आलेलं रडू आता आलं. ते मिरवण्यासारखं नव्हतं. नाक, डोळे, पदर, सगळं एक झालं. "मला लाज वाटते गो," ती म्हणाली. "तुझी वाटते, दिशाची वाटते. रॉकीची वाटते."

"वाटू दे," शांता म्हणाली. "वाटायलाच पायजे."

शांताने परत फुलं निवडायला घेतली, पण निवडलेली फुलं ती पुन्हा न निवडलेल्यांत टाकत होती. रेजिनाबायने ते पाहिलं, आणि या वेळी विचारलं.

"काय झालं?"

"उद्या तपासनी हाय. परत सगळे फोटो काढतील." शांताने खिडकीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पोरांना नाय सांगितलं. मला भ्याव वाटतं, रेजिने. बाळ बघायला राहीन ना मी?"

रेजिनाबायच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तेच, रॉकीला दिलेलं. तू बरी होणार आहेस. तिने ते गिळलं.

"मला नाय ठाऊक," ती म्हणाली.

शांताने मान हलवली, जणू हेच तिला ऐकायचं होतं. मग बसल्या जागेवरून पुढे सरकून तिने डोकं वाकवलं.

"ठेव हात," ती म्हणाली. "आज माझ्यासाठी ठेव."

रेजिनाबायने पदराखालून हात काढला, ओला झाला होता तो पुसला, आणि त्या तुरळक केसांवर ठेवला. तेलाची बाटली तिने आणली नव्हती. मोठ्याने ती काहीच बोलली नाही.